वळिवड्याच्या पोलिश छावणीतील आजीची मैत्रीण: शोध कोठून सुरू करावा?

प्रश्न: करवीरकन्या, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

माझ्या आईची आई गेल्या वर्षी वारली. तिचे माहेर वळिवड्याचे आणि सासरही वळिवड्याचेच. गावातल्या गावात दिलेली मुलगी असल्यामुळे तिचे सारे आयुष्य पंचगंगेच्या त्या एका काठावर गेले. कोल्हापूरहून मिरजेच्या गाडीत बसले की गूळ मार्केटच्या पुढचे स्टेशन वळिवडे. २००५ च्या पुरात ती घर सोडायला तयारच नव्हती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सोप्यात शिरले तेव्हा मामांनी तिला उचलून बाहेर काढले, पण त्याआधी तिने एक पत्र्याची ट्रंक माळ्यावर चढवून घेतली. त्या ट्रंकेत दागिने असतील असेच घरात सर्वांना वाटत होते. तिचे दिवस झाल्यावर मामांनी ती माझ्यासमोर उघडली, तेव्हा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेल्या तीन वस्तू निघाल्या: एक छायाचित्र, एक पत्र आणि भरतकाम केलेले एक कापड.

कापड मला ओळखीचे होते. दरवर्षी गौरी बसल्या की त्यांच्यापुढच्या पाटावर आजी ते अंथरत असे आणि विसर्जनानंतर स्वतःच्या हाताने धुऊन उचलून ठेवत असे. पांढऱ्या सुती कापडावर लाल आणि निळ्या दोऱ्याने फुलीटाक्याची फुले भरलेली आहेत. आजवर मी ते कधी निरखून पाहिले नव्हते. आता पाहिले तेव्हा लक्षात आले की तीन कोपऱ्यांतील टाके दाण्यासारखे एकसारखे आहेत, मागची बाजूही पुढच्याइतकीच स्वच्छ आहे, आणि चौथ्या कोपऱ्यात दोरा जाड आहे, लाल रंग विटलेला आहे, मागे गाठीच गाठी आहेत. तो चौथा कोपरा आजीने भरला असणार, कारण तिच्या गोधड्यांच्या मागेही मी तशाच गाठी पाहिल्या आहेत.

आजीचा जन्म १९३२ चा. तिच्या लहानपणी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, वळिवड्याच्या माळावर पोलंडमधून आलेल्या निर्वासितांची छावणी होती. पणजोबा छावणीत दुधाचा रतीब घालत. आजी त्यांच्याबरोबर अंडी आणि भाजी घेऊन जाई. तेथे तिची एका मुलीशी मैत्री झाली. ती आजीपेक्षा वर्षा-दीड वर्षाने मोठी होती. दोघींची बोली कोणती होती, हे विचारले की आजी म्हणायची, "तिला माझं कळायचं, मला तिचं कळायचं, आनि काय पायजे?" त्या मुलीने आमच्या घरी भाकरी आणि खर्डा खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी काढत दुसऱ्यांदा मागून घेतला, ही गोष्ट घरात सर्वांना पाठ आहे. आजी हिवाळ्यात कधीतरी बिटाचे आंबूस सार करत असे. ते तिच्याच डोक्यातून निघालेले आहे असे आम्ही समजत होतो. परवा पोलिश खाण्याविषयी काही वाचत असताना तेच सार तेथील घराघरांत होते हे कळले आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

त्या मुलीचे वडील सैन्यात होते, बरोबर आई आणि धाकटा भाऊ होता. भाऊ छावणीतच तापाने गेला आणि त्याला कोल्हापुरात पुरले. आजी सांगायची की त्यानंतर त्या बाई रोज छावणीच्या दारापर्यंत येऊन टपालवाल्याची वाट बघत उभ्या राहायच्या. "त्येंच्या आयाबी आपल्यागतच," एवढेच ती पुढे म्हणायची.

छायाचित्रात दोघी एका बराकीच्या पडवीत उभ्या आहेत. आजी परकर-पोलक्यात आहे. ती मुलगी फ्रॉकमध्ये आहे, आणि तिच्या पायांत कोल्हापुरी वहाणा आहेत. मागे तिचे नाव आणि आडनाव पेन्सिलीने लिहिलेले आहे. ते मी येथे जाहीर देत नाही, कारण ती स्वतः किंवा तिच्या घरची माणसे हयात असतील आणि त्यांना विचारल्याशिवाय ते नाव पसरवणे मला बरोबर वाटत नाही. पत्र १९४९ चे, इंग्लंडहून आलेले, चार-पाच ओळींचे, मोडक्या इंग्रजीत आहे. आईची तब्येत बरी आहे, वडील भेटले, येथे फार थंडी आहे, आणि भावाच्या जागेवर फुले ठेव, असा मजकूर आहे. पाकीट नाही, त्यामुळे पत्ताही नाही. त्या पत्राला उत्तर गेले की नाही हे आजी कधी बोलली नाही. पत्र आले तेव्हा तिचे लग्न झालेले होते आणि घरात इंग्रजी वाचू शकणारे कोणीही नव्हते.

मला त्या मुलीचा किंवा तिच्या मुला-नातवंडांचा शोध घ्यायचा आहे. हा शोध कोल्हापुरात बसून कोठून सुरू करावा? छावणीच्या नोंदी कोठे असतील? वळिवडे, रुकडी, चिंचवाड, उचगाव या गावांत त्या काळाच्या आठवणी असलेली माणसे अजून कोणाच्या घरी आहेत का? आणि शेवटचे म्हणजे, या तीन वस्तू घरातच ठेवाव्यात की योग्य ठिकाणी सोपवाव्यात, याबद्दलही आपले मत हवे आहे.

उत्तर: रुकडीचे गुरुजी

ताई, आपला मजकूर वाचला आणि लगेच लिहायला बसलो. मी रुकडीचा, इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. आपल्या आजींची मैत्रीण वळिवड्यापर्यंत कशी पोहोचली हे आधी समजून घेतले तर शोधाची दिशा ठरेल, कारण त्या प्रवासातील जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी याद्या केलेल्या आहेत.

सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने पोलंडचा घास घेतला. पूर्व भागातील लाखो पोलिश नागरिकांना १९४० च्या फेब्रुवारीपासून मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आले. १९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, त्यामुळे रशियाला मित्रांची गरज पडली आणि जुलैअखेर पोलंडच्या लंडनमधील निर्वासित सरकारशी करार झाला. त्या करारान्वये हे लोक सुटले. जनरल आन्डर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहिले आणि १९४२ मध्ये सैनिक व त्यांचे कुटुंबीय मिळून एक लाखाहून अधिक माणसे मुख्यतः कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. पुरुष सैन्याबरोबर पुढे गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे मागे राहिली, आणि त्यांतील काही जणांना कराचीमार्गे हिंदुस्थानात आणले गेले. आजींच्या मैत्रिणीचे वडील सैन्यात होते असे आपण लिहिले आहे, म्हणजे हाच मार्ग असण्याची शक्यता सर्वाधिक आहे.

हिंदुस्थानात मोठ्या छावण्या दोन होत्या. जामनगरजवळ बालाचडी येथे तेथील जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी अनाथ मुलांना आश्रय दिला. वळिवड्याची छावणी १९४३ मध्ये सुरू झाली आणि तेथे सुमारे पाच हजार माणसे राहिली. त्यांत मुख्यतः बायका आणि मुलेच होती. चर्च, शाळा, इस्पितळ, नाटकांचा मंच, बालवीरांची पथके, असे एक सबंध पोलिश गाव आपल्या माळावर पाच वर्षे नांदले. १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तेथील मुलेही वळिवड्यास आली. आजींची मैत्रीण आईसह राहत होती, तेव्हा ती पहिल्यापासून वळिवड्यातच असावी. बालाचडीच्या याद्यांत वेळ घालवू नका.

आता प्रत्यक्ष कामाचे. सोव्हिएत राजवटीत हद्दपार झालेल्या पोलिश नागरिकांची नावनिशीवार सूची पोलंडमध्ये तयार झालेली आहे आणि ती इंटरनेटवर शोधता येते. तिच्यात नाव, वडिलांचे नाव, जन्मवर्ष आणि कोठून कोठे नेले ही माहिती बऱ्याच जणांबाबत मिळते. लंडनच्या पोलिश इन्स्टिट्यूट आणि सिकोर्स्की म्युझियममध्ये निर्वासित सरकारची व सैन्याची कागदपत्रे आहेत. वडील आन्डर्स यांच्या सैन्यात असतील तर तेथे इंग्रजीतून पत्र लिहिणे हा सरळ मार्ग आहे. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात हिंदुस्थान सरकारचे या निर्वासितांविषयीचे कागद आहेत, आणि त्यांच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या शोध घेता येतो. ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तरही विसरू नका.

मात्र सर्वांत आधी आपल्याच शहरातील दफनभूमीत जा. छावणीत वारलेल्या पोलिश माणसांची थडगी कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत आहेत आणि मध्यंतरी त्यांची डागडुजीही झालेली आहे. भावाचे नाव आणि मृत्यूचा दिवस तेथे सापडला तर आडनावाचे नेमके स्पेलिंग हाती येईल, आणि पेन्सिलीच्या पुसट अक्षरांपेक्षा दगडावरचे अक्षर केव्हाही अधिक भरवशाचे.

एक गोष्ट मनापासून सांगतो. त्या छावणीतून गेलेल्या माणसांनी आपल्या आठवणी लिहिल्या, छायाचित्रे जपली, इंग्लंडमध्ये मंडळ स्थापन केले. महावीर उद्यानातील स्मृतिस्तंभ त्यांच्याच कृतज्ञतेतून उभा राहिला. आपल्या बाजूने काय लिहिले गेले? दूध घालणारे, भाजी पुरवणारे, टांगा हाकणारे, शिवणकाम करणारे, बराकी बांधणारे गवंडी, हे सर्व आपल्याच पंचक्रोशीतले होते आणि त्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच जात आहेत. आपल्या आजी गेल्या, माझे वडील त्याआधी गेले. ते छावणीत बर्फ पोहोचवत असत आणि त्यांच्याकडून मी फक्त तीन-चार गोष्टी ऐकल्या. म्हणून मैत्रिणीचा शोध तर घ्याच, पण त्याबरोबर मामा, मावश्या, शेजारच्या म्हाताऱ्या बायका यांच्याकडून आजींविषयी जे जे मिळेल ते तारीख घालून लिहून काढा. त्या मुलीच्या घरच्यांना आपण उद्या भेटलात, तर त्यांना हेच हवे असेल. त्यांच्याकडे छावणीच्या आतले सर्व काही आहे, कुंपणाच्या बाहेरून ती कशी दिसत होती हे मात्र त्यांना आपल्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

उत्तर: गांधीनगरचा शेजारी

ताई, ज्या पडवीत तुमच्या आजी उभ्या आहेत, तसल्याच एका पडवीत माझे वडील रांगले.

१९४८ मध्ये पोलिश मंडळी निघून गेली आणि रिकाम्या झालेल्या बराकींत सिंधमधून आलेल्या आम्हा लोकांना वसवण्यात आले. त्या वसाहतीचेच गांधीनगर झाले. माझे आजोबा शिकारपूरचे. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली, त्यानंतर तेथे राहणे शक्य नाही हे त्यांना पटले. कराचीहून आगबोटीने मुंबई, मुंबईच्या गोदीतून निर्वासितांच्या छावणीत, आणि तेथून रेल्वेने वळिवडे, असा त्यांचा प्रवास झाला. शिकारपूरला दुकान होते, वाडा होता. येथे उतरल्यावर मिळाली कौलारू बराकीतली एका कुटुंबापुरती जागा.

आजोबा सांगत की आत गेल्यावर पहिल्यांदा नजरेस पडल्या त्या खुंट्या. भिंतीला लाकडी खुंट्यांची एक रांग होती आणि ती इतक्या खाली ठोकलेली होती की मोठ्या माणसाचा कोट टांगला तर जमिनीला लागेल. थोड्या वेळाने आजीच्या लक्षात आले की या लहान मुलांच्या दप्तरांसाठी आहेत. आधी येथे कोण राहत होते हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या गवळ्याने ते हातवाऱ्यांनी समजावले, कारण आजोबांना मराठी येत नव्हते आणि त्याला हिंदी येत नव्हते. तो गवळी तुमचे पणजोबाच होते असे मी म्हणणार नाही, पण ते नसतीलच असेही नाही. पुढे घराची डागडुजी झाली, कुडाच्या जागी विटा आल्या, तरी त्या खुंट्या वडिलांच्या शाळेच्या वयापर्यंत तशाच होत्या आणि त्यांचे दप्तर तेथेच टांगले जात असे.

युद्ध संपल्यावर पोलिश लोक आनंदाने आपापल्या घरी गेले असे मी लहानपणी समजत होतो. नंतर वाचनात आले की त्यांच्यापैकी बहुतेकांची गावे ज्या पूर्व भागात होती तो भाग युद्धानंतर सोव्हिएत रशियाकडे गेला. आज ती गावे युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनियात आहेत. म्हणजे घर होते पण देश बदललेला. हे वाचले तेव्हा आजोबा संध्याकाळी ओट्यावर बसून शिकारपूरच्या बाजाराबद्दल का बोलत राहायचे, हे मला जास्त नीट समजले. एकाच बराकीत पाठोपाठ दोन कुटुंबे राहिली आणि दोघांनाही परत जायला गाव उरले नव्हते.

आजोबांनी खांद्यावर कापडाचे गाठोडे टाकून शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, उत्तरेश्वर पेठ पायी पालथ्या घातल्या. उधारी वसूल करता करताच ते मराठी शिकले. आज कोल्हापूर, सांगली, कोकण आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून लोक लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला येतात. आमच्या घरात सिंधी बोलली जाते, पण बाहेर पाऊल टाकले की तोंडात येते ती कोल्हापुरीच, आणि आमची मुले तर आपसांत भांडतातही मराठीत. आजोबांची एक वही माझ्याकडे आहे. ती अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहे. मला ती वाचता येत नाही, माझ्या मुलांना तर नाहीच. म्हणून तुमच्या पत्राची तळमळ मला आतून कळते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. कापड कोठेही देऊ नका. संग्रहालयात ते काचेमागे राहील, आणि ते तुमच्याकडे इतकी वर्षे गौरीपुढे अंथरले गेले आहे. पत्र आणि छायाचित्राच्या प्रती मात्र अवश्य द्या. गांधीनगरमध्ये जुन्या बराकीच्या रचनेच्या खुणा अजून काही ठिकाणी दिसतात. छायाचित्रातील पडवी, खांब आणि मागचे झाड यांवरून ती रांग कोणती हे सांगू शकतील असे दोन-तीन वृद्ध मला माहीत आहेत. तुम्ही कोणत्याही रविवारी या, दुकान बंद ठेवून मी बरोबर फिरेन.

उत्तर: राजारामपुरीतून वॉर्सात

मी मूळची राजारामपुरीची असून नोकरीनिमित्त पोलंडमध्ये राहते. गुरुजींनी इतके नेटके लिहिले आहे की मी फक्त येथून दिसणाऱ्या दोन-चार गोष्टींची भर घालते.

आडनावाबाबत एक काळजी घ्या. पोलिश आडनावे स्त्री-पुरुषांनुसार बदलतात. वडिलांचे आडनाव 'स्की'ने संपत असेल तर मुलीचे 'स्का'ने संपते. त्या काळी अविवाहित मुलीच्या आडनावाला काही वेळा 'उव्ना' असा शेवटही लागत असे. त्यामुळे छायाचित्रामागे लिहिलेले रूप जसेच्या तसे शोधले तर वडिलांची आणि भावाची नोंद निसटून जाईल. सर्व रूपे करून शोधा. पोलिश अक्षरांवरच्या आणि खालच्या खुणाही महत्त्वाच्या असतात. इंग्रजांनी केलेल्या याद्यांत त्या गळालेल्या असतात. इंग्लंडमध्ये लग्न झाले असेल तर तिचे आडनाव पुन्हा बदललेले असणार, म्हणून वडिलांच्या नावावरून पुढे येणे हाच जवळचा रस्ता.

वडील भेटले असे तिने १९४९ मध्ये इंग्लंडहून लिहिले आहे, ही फार मोलाची गोष्ट आहे. आन्डर्स यांचे सैन्य इटलीत लढले, मे १९४४ मध्ये मॉन्ते कॅसिनो त्यांनीच जिंकले, आणि युद्धानंतर त्यातील पुष्कळ सैनिक ब्रिटनमध्ये स्थायिक झाले. त्यांच्या बायका-मुलांना जगभरच्या छावण्यांतून तिकडे आणले गेले. काहींना आफ्रिकेतल्या छावण्यांत जावे लागले, काही ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाला गेले. आजींच्या मैत्रिणीचे कुटुंब एकत्र आले, एवढे तरी त्या पत्रावरून निश्चित आहे. शिवाय वडिलांची सैनिकी नोंद ब्रिटनमध्ये असली पाहिजे, आणि तशी नोंद जवळच्या नातेवाइकाचा पत्ता सांगते.

येथे वॉर्सामध्ये मॉन्ते कॅसिनोच्या स्मारकाजवळच वळिवडे-कोल्हापूर छावणीचे स्मृतिचिन्ह आहे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी त्याला भेट दिली तेव्हा ते कोल्हापुरात अनेकांना पहिल्यांदा कळले. शहराच्या ओखोता भागात जामसाहेबांच्या स्मरणार्थ 'भल्या महाराजांचा चौक' आहे. मी येथे आले त्या पहिल्या हिवाळ्यात ग्रंथालयात एका वृद्ध बाईंनी मला कोठून आलीस असे विचारले. सवयीने मी "इंडिया, मुंबईजवळ" म्हणाले, कारण कोल्हापूर येथे कोणाला माहीत असणार! त्यांनी पुन्हा नेमके गाव विचारले आणि कोल्हापूर ऐकताच माझा हात धरला. त्यांची मोठी बहीण वळिवड्याच्या शाळेत शिकली होती. परक्या देशात इतक्या आत कोणी माझे गाव जपून ठेवले असेल याची मला कल्पना नव्हती, आणि त्या दिवसानंतर मला येथे एकटे वाटले नाही.

एवढे मात्र मनाची तयारी ठेवून करा. या पिढीतील काहींनी लहानपणी इतके गमावले आहे की त्यांना ते दार पुन्हा उघडायचे नसते. पहिल्या पत्रात भावाच्या मृत्यूचा उल्लेख करू नका. आजींचा, भाकरीचा, वहाणांचा करा.

वस्तूंबद्दल गांधीनगरच्या दादांशी मी अर्धी सहमत आहे. कापड तूर्त घरी राहू द्या, पण त्या मुलीच्या घरच्यांपैकी कोणी सापडले तर त्यांना ते हातात घेऊन पाहता आले पाहिजे. त्यांना त्यातील नक्षी कोणत्या गावची हे कदाचित पाहताक्षणी ओळखता येईल. पोलंडमध्ये भरतकामाची धाटणी प्रदेशाप्रदेशाला वेगळी असते.

प्रतिसाद: करवीरकन्या

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. गुरुजींचे उत्तर मी मामांना फोनवर वाचून दाखवले. छावणीत बर्फ पोहोचवणारे रुकडीचे गृहस्थ पणजोबांच्या बोलण्यात येत, एवढे मामांना आठवले. आपल्या दोन्ही घरांची ओळख निदान ऐंशी वर्षांची निघाली, गुरुजी.

काल आई, मामा आणि मी दफनभूमीत गेलो होतो. भावाचे नाव सापडले. आडनावाचे पहिले अक्षर मी छायाचित्रावरून वेगळेच वाचत होते, दगडावर ते स्वच्छ आहे. मृत्यूच्या वेळी तो सात वर्षांचा होता. आईने जाताना शेवंतीची फुले नेली होती. पत्रात तिने जे मागितले होते ते आजीने कधी केले का, असे मी मामांना तेथे विचारले. मामा म्हणाले की लहानपणी वर्षातून एकदा आजी त्यांना घेऊन कोल्हापूरला येई, अंबाबाईचे दर्शन घेतल्यावर एका बंद फाटकाच्या जागी थांबे आणि ओटीतली फुले फाटकातून आत टाकत असे. हे कोणाचे देऊळ, असे त्यांनी एकदा विचारले होते आणि तिने उत्तर दिले नव्हते. फाटक हेच होते, हे त्यांनी काल ओळखले. म्हणजे पत्रातला मजकूर कोणाकडून तरी तिने वाचून घेतलेला होता.

कापडाचे ठरले आहे. ते मामांकडेच राहील आणि यंदाही गौरीपुढे अंथरले जाईल. चौथ्या कोपऱ्यासह त्याची जवळून छायाचित्रे काढून मी ठेवली आहेत. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे आईने आठवणी सांगायला सुरुवात केली आहे आणि मी लिहून घेत आहे. गांधीनगरच्या दादा, येत्या रविवारी मामांना घेऊन येते. त्यांना लहानपणी आजीने दाखवलेली विहीर अजून आहे का, तेही पाहायचे आहे. लंडनला पाठवायच्या पत्राचा मसुदा इंग्रजीत तयार केला आहे. पहिले पत्र थेट घरच्यांना लिहायची वेळ आली तर ते इंग्रजीत लिहावे की पोलिशमध्ये?

उत्तर: राजारामपुरीतून वॉर्सात

संस्थेला इंग्रजीतच लिहा. घरच्यांना मात्र दोन्ही भाषांत लिहा. तिची मुले इंग्लंडमध्ये वाढली असतील तर त्यांना इंग्रजी सोपे जाईल, आणि ती स्वतः असेल तर तिला पोलिश वाचून बरे वाटेल. तुमचा मराठी मजकूर मला पाठवा, मी येथील एका ज्येष्ठ शिक्षिकेकडून तपासून पोलिशमध्ये करून देते. फाटकातून आत टाकलेल्या फुलांचे मात्र जरूर लिहा. भावाचा उल्लेख करू नका असे मी म्हटले होते, ते आता मागे घेते. तिने ते १९४९ मध्ये स्वतः विचारले होते आणि तिला त्याचे उत्तर मिळायला हवे. छायाचित्राच्या दोन्ही बाजू मोठ्या आकारात स्कॅन करून पाठवा, मागची पेन्सिल पुसट असेल तर दिवा एका बाजूने तिरका धरून फोटो घ्या.